‘डिप्रेशन आलंय? कुस्तीच्या हौद्यात उतर!’ म्हणणाऱ्यांना

शहापूरचा_जुना_लंगोट
काल आपल्याच बेळगाव भागातल्या एकानं पोस्ट टाकली : ‘डिप्रेशन हा रिकामटेकड्यांचा रोग. आमच्या तालमीत या, महिन्यात गोळ्या बंद करून दाखवतो.’ खाली अंगठ्यांचा पाऊस. मला काय झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

तालमीवर माझा राग नाही. आमचे अण्णा गेले त्याच वर्षी दुकान बसलं. चार महिने घरात कुणाशी धड बोललो नाही. गल्लीतल्या एका पोरानं ओढत तालमीत नेलं. काय झालंय म्हणून तिथं कुणी विचारलं नाही. वस्तादांनी फावडं हातात दिलं, म्हणाले, “माती उकर.” ताक, तेल, हळद पिऊन जड झालेली ती माती तासभर उकरली. मग बैठका. मग पंधरा वर्षांच्या एका पोरानं मला असा चितपट केला की श्वासच अडकला, आणि हात देऊन उठवलं. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी मला घट्ट धरलं होतं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. त्या रात्री झोपलो.

आणि गोळ्या? त्या अकरा महिने घेतल्या. डॉक्टरनं थांब म्हटल्यावर थांबलो, वस्तादांनी नाही. तालमीत कुणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर हलगी लावून मिरवणूक काढली असती माझी. तालीम माणसाला धरते, पण गप बसायलाही तीच शिकवते. हे त्या पोस्टवाल्याला कोण सांगणार?

येळ्ळूरचा_मैदानी
काय बोलूलालास बे! माती खाऊन मातीलाच नावं? आमच्या आज्जानं गोळी बघितली नाही कधी. पहाटे चारला जोर, मग शेत, संध्याकाळी लढत. विचार करायला वेळच नाही! आता पोरं रात्री दोनपर्यंत मोबाईल बघतात आणि सकाळी म्हणतात, मन लागेना. कुठून लागणार?

शहापूरचा_जुना_लंगोट
आज्जा रात्री एकटेच ओट्यावर का बसायचे, विचारलंस कधी?

येळ्ळूरचा_मैदानी
घरच्यांवर जाऊ नको. सांगून ठेवतो.

टिळकवाडी_वाचक
भांडा नंतर. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष. हे सगळे रिकामटेकडे नव्हते, रोजंदारीवरच्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून जास्त होता. दुसरं, २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नैराश्य आणि व्यायामावरच्या २१८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. चालणं, पळणं, योग, वजनं उचलणं, सगळ्यांनी फरक पडतो, आणि घाम जास्त तर फायदाही जास्त. पण पुरावा फार भक्कम नाही असं त्यांनीच लिहिलंय, आणि गोळ्या फेकून द्या असं कुठंच नाही.

येळ्ळूरचा_मैदानी
घाम जास्त तर फायदा जास्त. हे आमचे वस्ताद फुकट सांगायचे.

फडकरी_चिकोडी
फुकट? फुकटाचं नाव काढू नका इथं. पैलवानकीचा खुराक बघितलाय का? दूध, तूप, बदाम, रोजची थंडाई. आमच्या घरात थोरल्या भावाला पैलवान करायचं ठरलं. दोन म्हशींचं दूध तो एकटा प्यायचा, आम्ही धाकटे काळा चहा. आईनं पाटल्या मोडल्या. एका मैदानात गुडघा फिरला, दोरी तुटली, खेळ संपला. ज्यांनी खांद्यावर घेऊन नाचवलं त्यातलं एकही जण घरी आलं नाही. बाटली तेवढी आली. आता सांगा मनाचं आरोग्य.

येळ्ळूरचा_मैदानी
बदाम कुणी मागितले? शेंगदाणे भिजवून खा, हरभरे खा, नाचणीची आंबील पी. आम्ही त्यावरच लढलो.

फडकरी_चिकोडी
लढलास कुठं? नारळाच्या कुस्तीत?

येळ्ळूरचा_मैदानी
आनंदवाडीच्या आखाड्यात ये, दाखवतो.

खानापूरचा_पाऊस
शेंगदाण्याच्या गोष्टी राहू देत. आता डब्यातली पावडर आलीय, आणि पावडरीच्या मागून स्टेरॉइडच्या सुया. अठरा वर्षांचं पोर तोंडावर पुळ्या घेऊन फिरतंय, घरात आईवर ओरडतंय, आणि सगळे म्हणतात, पैलवान तापट असतोच.

येळ्ळूरचा_मैदानी
सुया टोचणाऱ्याला आमच्या तालमीत उभं करत नाहीत. आणि म्हशीचं दूध जर्सीच्या दुधाला...

टिळकवाडी_वाचक
धागा कशावर होता?

फडकरी_चिकोडी
दुधावरच आहे आता. लिटरमागं आम्हाला डेअरी काय देते आणि तुम्ही टिळकवाडीत काय मोजता, ते आधी सांगा.

निपाणीची_वहिनी
बायकांनी बोलायचं नसेल तर सांगा. आमचे हे चाळिशीनंतर कराटेला जायला लागले, पोराला सोडायला जाता जाता. पांढरा पट्टा बांधून पोरांच्या रांगेत उभे राहिले, मला हसू यायचं. पण राग आला की हे आधी भांडी आपटायचे, आता अंगणात जाऊन मुठी मारतात, घाम पुसतात, आत येतात. एवढा फरक मी बघितलाय. आणि एका रात्री स्वतःहून म्हणाले, “मला भीती वाटते गं.” बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मग आम्ही धारवाडला डिम्हान्समध्ये, मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, दाखवून आलो. कराटे सोडलं नाही, औषधही सोडलं नाही. तुमच्यासारखं एकच काहीतरी धरून बसायला आम्हाला वेळ नव्हता.

शहापूरचा_जुना_लंगोट
वहिनी, पाच ओळींत सांगितलंत. मी उगाच रात्र जागवली.

येळ्ळूरचा_मैदानी
वहिनींसमोर काय बोलणार. गुडघा दुखला की हाडाच्या डॉक्टरकडं जातोच की आम्ही, तसं जावं लागत असेल एखाद्याला. एखाद्याला म्हटलंय, सगळ्यांना नाही. पण कराटे म्हणजे काय कुस्ती नव्हे.

टिळकवाडी_वाचक
ज्याला धारवाड लांब वाटतं त्यानं १४४१६ लावावा. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत, मराठीही निवडता येते.

खानापूरचा_पाऊस
आमच्याकडं आधी रेंज निवडायला मिळू दे.

शहापूरचा_जुना_लंगोट
फडकरी, थोरले बंधू आता काय करतात?

फडकरी_चिकोडी
काय करणार. गोठ्यात असतो. कुणाशी बोलत नाही.

येळ्ळूरचा_मैदानी
गुडघ्याला जोर-बैठका जमणार नाहीत. पण आमच्यात बारकी पोरं आहेत, डाव सांगणारं कुणी नाही. ढाक येत होती काय त्याला?

फडकरी_चिकोडी
ढाकेवरच नाव होतं त्याचं.

येळ्ळूरचा_मैदानी
मग नंबर पाठव. आणि दुधाचं मी बघतो, म्हशीचंच.