घरच्या कमळ-कुमुदिनीच्या रोपवाटिकेत माघ ते वैशाख कामांचा क्रम कसा लावावा?

पाणवेल (मूळ प्रश्न)

नमस्कार. पुणे-सोलापूर रस्त्यालगत, उरुळी कांचनच्या पट्ट्यात आमची लहान घरगुती रोपवाटिका आहे. सासरे पूर्वी शोभेच्या झाडांची रोपे करीत. गेल्या काही वर्षांत आम्ही पाणवनस्पतींकडे वळलो असून सध्या दोन फूट व्यासाचे सुमारे ३०० टब आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक कमळे आणि उरलेल्यांत लिली, म्हणजे कुमुदिनी, आहेत: हार्डी (थंडी सोसणाऱ्या) व ट्रॉपिकल (उष्ण हवेतल्या). शिवाय एका हौदात जलपर्णी आणि पिस्टिया (कोबीच्या गड्ड्यासारखी दिसणारी तरंगती वनस्पती) ठेवली आहे, कारण येणारे गिऱ्हाईक ती स्वस्त म्हणून हमखास मागते. काम करणारी माणसे म्हणजे सासूबाई, सासरे, पती आणि मी. मुलीची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असल्यामुळे तिचा हात या हंगामात धरता येत नाही.

अडचण अशी आहे की सगळी कामे एकाच वेळी अंगावर येतात. फेब्रुवारीत कमळाचे टब उपसून कंद वेगळे करायचे, त्याच सुमारास लिलीच्या गड्ड्यांना फुटवे येतात, पाडव्याच्या आसपास लोक फुललेली रोपे मागत दारात उभे राहतात आणि एप्रिल लागला की बोअरचे पाणी कमी होऊन टँकरचा विचार सुरू होतो. बोअरचे पाणी जड आहे आणि टबांच्या कडेला पांढरा थर धरतो. गेल्या हंगामात लावलेल्या कंदांपैकी बरेच कुजले. तेव्हा कोणते टब आधी फोडावेत (म्हणजे उपसून कंद वेगळे करावेत), कंद कुजू नयेत म्हणून काय पाहावे आणि कमी पाण्यात मे महिना कसा काढावा, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मावळातला माळी

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. चार माणसांनी ३०० टब एकाच हंगामात फोडायचे, हा बेत मुळात सोडून द्यावा. मोठ्या टबातले कमळ एक वर्ष न फोडल्याने बिघडत नाही. सलग दोन-तीन वर्षे तसेच ठेवले, तर मात्र कंद एकमेकांवर चढून दाटी होते आणि फुले घटतात. म्हणून टबांचे तीन भाग करावेत आणि दरवर्षी त्यांतले दोनच भाग फोडावेत. लहान वाडग्यांतल्या बुटक्या जाती याला अपवाद आहेत, कारण त्यांची माती वर्षभरात भरून जाते. उरलेला तिसरा भाग फक्त खत देऊन तसाच ठेवावा. त्यात कंद आधीच बसलेले असल्यामुळे पाने लवकर उभी राहतात आणि नव्याने लावलेल्या टबांच्या बऱ्याच आधी कळ्या दिसू लागतात. पाडवा कधी मार्चच्या मध्यावर येतो, त्या वर्षी फुलांची खात्री देता येणार नाही, परंतु एप्रिलमध्ये दारात आलेल्या माणसाला दाखवायला हेच टब उपयोगी पडतात. लोक फूल पाहून जात निवडतात, मग त्याच जातीचे लहान रोप घेऊन जायला त्यांची हरकत नसते.

फोडायच्या टबांत कमळ पहिले घ्यावे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कमळाची पाने वाळतात आणि कंद मातीत निजलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपारचे पाणी कोमट होऊ लागले की त्याचा शेंडा चालू लागतो. शेंडा चालू लागण्याच्या आधीच टब उपसणे सोयीचे, कारण एकदा धावते खोड (मातीत आडवी पसरणारी कोवळी फांदी) निघाले की मातीतून सोडवताना ते मोडतेच. टब उलटा करून मातीचा गोळा तसाच बाहेर काढावा आणि पाण्याच्या पाइपने माती धुऊन टाकावी. खुरपे किंवा हाताची ओढाताण नको. कंदाला किमान दोन पेरी आणि एक शाबूत शेंडा हवा. शेंडा मोडलेला तुकडा क्वचित बाजूच्या डोळ्यातून फुटतो, पण तो विकण्यासारखा नव्हे.

आता कुजण्याविषयी. माझ्या पाहण्यात त्याची तीन कारणे येतात. पहिले म्हणजे कच्चे शेणखत किंवा निंबोळी पेंड. पाण्याखाली हवा नसते, तेथे हे पदार्थ सडताना माती काळी पडते, तिला वास येतो आणि कोवळा कंद त्यात टिकत नाही. पूर्ण कुजलेले जुने शेणखत असेल, तर ते टबाच्या अगदी तळाशी पातळ थरात द्यावे आणि वर सात-आठ इंच पोयट्याची किंवा काळी माती भरावी. दुसरे कारण खोल लावण्याचे. कंद आडवा ठेवून जेमतेम झाकेल एवढीच माती घालावी, शेंडा किंचित वर राहू द्यावा आणि मातीवर सुरुवातीला तीन-चार बोटेच पाणी ठेवावे. पाणी उथळ असले की ऊन मातीपर्यंत पोहोचते. तिसरे कारण उतावीळपणे दिलेल्या रासायनिक खताचे. आधी येतात ती तरंगती पाने असतात आणि तोवर झाड कंदातल्या साठ्यावर जगत असते. दोन-तीन उभी पाने आल्याशिवाय खताला हात लावू नये. त्यानंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश सारख्या प्रमाणात असलेले खत) कागदाच्या पुडीत बांधून टबाच्या कडेला मातीत खोचावे. पाण्यात विरघळवून दिलेले खत कमळाच्या आधी शेवाळ खाते.

ज्या कंदांची शंका वाटते ते थेट न लावता उथळ टबात, उन्हात, नुसत्या पाण्यात तरंगत ठेवावेत. दोन-तीन पाने आणि पांढरी मुळे आली की लावावेत, आणि जो कंद मऊ पडला तो तेथेच कळतो.

आणखी एक. टबाला छिद्र नसावे हे तुम्हांला ठाऊक असेलच, पण टब गोलच घ्यावेत. चौकोनी टबात धावता शेंडा कोपऱ्यात अडकून बसतो.

कुडाळकर

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, मात्र लिलीचा विषय त्यात राहिला आहे. हार्डी लिलीचा गड्डा आडवा वाढतो. तो कुंडीच्या मधोमध न लावता एका कडेला तिरका लावावा आणि त्याचे वाढते टोक मोकळ्या बाजूकडे करावे. ट्रॉपिकल लिली मात्र मधोमधच लावावी. दोन्हींचे डोके मातीच्या वर उघडे हवे. फेब्रुवारी-मार्चच्या धांदलीत लिली फोडण्याची घाई तुम्ही करू नका, कारण कमळासारखी तिची ठरावीक वेळ नसते. जाडसर गड्डा असलेली हार्डी लिली एप्रिलमध्येही फोडता येते. आम्हां कोकणातल्यांना थंडी अशी नाहीच, त्यामुळे आमच्याकडे ट्रॉपिकल लिली वर्षभर चालू राहते. तुमच्याकडे ती थंडीत दबते, म्हणून पाणी कोमट होईपर्यंत तिला हलवू नये.

कामाचा भार हलका करायचा असेल, तर पानावर पिल्ले देणाऱ्या जाती वाढवा. डॉबेन किंवा मायक्रँथा यांच्या पानाच्या मधोमध, देठ जोडलेला असतो तेथे, लहान रोप तयार होते. पान पिवळे पडू लागले की ते रोप काढून चार इंची कुंडीत लावायचे, एवढेच काम. हे काम सासूबाई सावलीत बसून करू शकतात.

एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. अनेक जण फेब्रुवारीतच निजलेले कंद कुरिअरने विकून मोकळे होतात. घेणारा नवखा असेल तर तो कंद खोल पुरतो, कंद कुजतो आणि दोष रोपवाटिकेला लागतो. माझ्या मते दोन तरंगती पाने आलेले रोपच विकावे.

मावळातला माळी

कुडाळकर, तुमच्या दारी गिऱ्हाईक येऊन रोप घेऊन जात असेल तर हे ठीक आहे. कुरिअरने पाठवायचे असेल तर पाने फुटलेले रोप वाटेतच मरगळते, निजलेला कंद मात्र ओल्या कोकोपीटमध्ये किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आठवडाभर सहज टिकतो. शेंड्याला वेगळा कापूस लावून कंद ताठ नळीत किंवा खोक्यात भरावा आणि लावण्याची पद्धत छापलेला कागद सोबत द्यावा. ताईंच्या हाती मनुष्यबळ चारच माणसांचे आहे. जे कंद फेब्रुवारीत विकले जातील तेवढे टब कमी भरावे लागतील, हा लाभ लहान नाही.

गाळपेर

नमस्कार. मी पाण्यापुरते लिहितो, कारण उन्हाळ्यात हा धंदा तेथेच अडतो.

आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर उतरते. दोन फूट व्यासाच्या टबाचे क्षेत्रफळ सुमारे ०.२९ चौरस मीटर भरते, म्हणजे एका टबातून रोज साधारण २.३ ते २.९ लिटर पाणी उडते. ३०० टबांचे मिळून रोजचे ७०० ते ८७५ लिटर झाले. टँकरचा हिशेब यावरून मांडता येईल.

परंतु पाणी किती लागते यापेक्षा ते कसले आहे, हा प्रश्न तुमच्या बाबतीत मोठा आहे. उडते ते शुद्ध पाणी, क्षार टबातच राहतात. मातीवर २० सेंटीमीटर पाणी असेल आणि रोज १ सेंटीमीटर उडत असेल, तर वीस दिवसांत टबभर पाणी उडून जाते. तेवढेच बोअरचे पाणी वरून भरले की क्षार दुप्पट होतात आणि चाळीस दिवसांत तिप्पट. छिद्र नसलेल्या टबातून ते बाहेर जायला वाट नाही. कडेचा पांढरा थर हेच सांगतो. लिलीच्या पानांच्या कडा तपकिरी पडून करपू लागल्या, तर खत कमी पडले असे समजून आणखी खत घालू नये, कारण खतसुद्धा क्षारच आहे. दर तीन आठवड्यांनी निम्मे पाणी काढून टाकून नवे भरावे. काढलेले पाणी वाया जात नाही, बांधावर नारळ असतील तर त्यांना घालावे, कारण नारळ क्षार बराच सोसतो.

तुमच्या पट्ट्यातून नवा मुठा उजवा कालवा जातो. उन्हाळी आवर्तनाचे (कालव्यात ठरावीक काळी सोडलेले) पाणी रीतसर मिळण्याची सोय असेल, तर टब धुऊन काढायला ते बोअरपेक्षा बरे. मात्र ते थेट टबांत सोडू नये. एका साठवण हौदात घेऊन जाळीतून गाळावे, नाहीतर गोगलगायी आणि नको ती तणे घरात येतील.

पाणी वाचवण्याचा खरा उपाय म्हणजे लिलीचे टब मोडून त्या दहा इंची कुंड्यांत आणाव्यात आणि त्या कुंड्या एका मोठ्या हौदात शेजारी शेजारी बुडवून ठेवाव्यात. बाष्पीभवन पृष्ठभागावर अवलंबून असते. जेवढ्या जागेत एक टब मावतो तेवढ्यात चार कुंड्या बसतात, आणि मोठ्या हौदाचे पाणी दुपारी टबाइतके तापत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या टबात मे महिन्यात मुळे अक्षरशः शिजतात, म्हणून जे टब राहतील त्यांच्या पश्चिमेच्या अंगाला ओले बारदान गुंडाळावे. कमळे मात्र हौदात एकत्र ठेवू नयेत, कारण धावते खोड कुंडीबाहेर उडी घेऊन शेजारच्या कुंडीत शिरते आणि दोन जातींची सरमिसळ होते. शेडनेट फक्त नव्या फोडलेल्या लिलीवर आणि बांधणीच्या जागेवर असावे. कमळाला सहा तासांचे थेट ऊन पडलेच पाहिजे.

नदीकाठची

पाणवेल ताई, जलपर्णी आणि पिस्टियाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. कृपया ती विकू नका. मुळा-मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांवर उन्हाळ्यात पसरणारा हिरवा गालिचा आपण दरवर्षी पाहतो, आणि तो काढण्यासाठी महापालिकांना दरवर्षी खर्च करावा लागतो. गिऱ्हाईक हौसेने नेते, महिन्याभरात टब भरून जातो आणि उरलेली झाडे नाल्यात जातात. तुमच्या दाराशी कालवा असताना तर हा धोका दुप्पट आहे. हौदातली झाडे बाहेर काढून सिमेंटच्या कोब्यावर कडकडीत वाळवा आणि मग खतात टाका. पाण्यावर सावली हवी असेल तर लिलीची पाने पुरतात. पृष्ठभागाचा साठ टक्के भाग पानांनी झाकला की हिरवे पाणी आपोआप निवळते.

डासांचेही पाहा. मार्चपासून प्रत्येक उघडा टब ही डासांची जागा असते. गप्पी मासे सोडणे हा सोपा उपाय आहे, मात्र मासे असलेल्या टबांत कीटकनाशक चालत नाही. लिलीच्या पानांवर मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो खाली पाडावा, मासेच तो खातात. शेवाळ मारायला मोरचूद (तांब्याचे सल्फेट) कोणी सुचवले तर ऐकू नये, त्याने मासेही मरतात आणि लिलीही भाजते.

पाणवेल

सर्वांचे मनापासून आभार. घरात बसून सर्वांनी मिळून वाचले. जलपर्णीचा हौद रिकामा करून त्यातच लिलीच्या कुंड्या बुडवायचे ठरले आहे, म्हणजे नवा हौद बांधण्याचा खर्च वाचेल. सासऱ्यांचा एक प्रश्न आहे. टब फोडताना जातींची नावे गोंधळतात, आणि मार्करने लिहिलेल्या पट्ट्या उन्हात दोन महिन्यांत कोऱ्या होतात. शिवाय बियांपासून उगवलेली काही कमळे आहेत, ती मूळ जातीच्या नावाने विकावीत का?

मावळातला माळी

बियांची रोपे मूळ जातीच्या नावाने विकू नयेत. बीपासून आलेले कमळ आईसारखेच निघेल याची शाश्वती नसते. ती 'बियांची कमळे' म्हणून वेगळ्या ओळीत ठेवावीत, पहिले फूल येईपर्यंत नाव देऊ नये आणि किंमतही कमी लावावी. पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीने लिहावे, ते मार्करपेक्षा कितीतरी जास्त टिकते. जुने ॲल्युमिनियमचे डबे कापून त्यांच्या पट्ट्यांवर खिळ्याने कोरले तर ते आणखी पक्के. एक पट्टी मातीत पुरावी आणि दुसरी टबाच्या कडेला बांधावी. उपसताना एका वेळी एकाच जातीचे टब काढावेत, तिचे सगळे कंद लावून पट्ट्या बसल्याशिवाय पुढच्या जातीला हात लावू नये. आणि कुरिअर सोमवारी किंवा मंगळवारीच द्यावे, म्हणजे रविवारी खोके एखाद्या गोदामात पत्र्याखाली तापत पडत नाही.