उंदरांना रेटिनोब्लास्टोमा का झाला नाही?

रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या मागच्या पडद्याचा) कर्करोग. 'माणसात बिघडतं तेच जनुक उंदरात बिघडवलं की मॉडेल (अभ्यासासाठी तसाच आजार असलेला प्राणी) तयार,' असं म्हटलं जातं. १९९२ साली नेमकं हेच करून पाहिलं गेलं. आरबी१ या जनुकाची (ज्याच्या बिघाडामुळे मुलांना हा कर्करोग होतो) एक प्रत निकामी असलेल्या उंदरांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठी झाल्या, डोळे मात्र स्वच्छ राहिले! दोन्ही प्रती काढल्या तर पिल्लं गर्भातच दगावली. कारण पुढे कळलं: उंदराच्या दृष्टिपटलात आरबी (आरबी१ पासून बनणारं प्रथिन) गेलं की त्याचं भावंड प्रथिन पी१०७ जास्त बनतं आणि काम सांभाळून घेतं. आरबी आणि पी१०७ दोन्ही काढल्यावर मात्र दृष्टिपटलात गाठी आल्या. म्हणूनच औषध तपासायला, मुलांच्या गाठीतल्या पेशी उंदराच्या डोळ्यात वाढवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. फक्त त्या उंदरांची प्रतिकारशक्ती मुळातच मोडलेली असते, हे ध्यानात ठेवावं लागतं.