बढतीसाठी वस्तीतल्या कामाला गुण द्यावेत का?

वॉर्ड इन्चार्ज: आमच्या रुग्णालयात वरिष्ठ पदाच्या एका जागेसाठी दोघी नर्सचे अर्ज आलेत. एकीने अतिदक्षता विभागाचा कोर्स केलाय. दुसरी चार वर्षं सुट्टीच्या दिवशी वस्तीत जाऊन मधुमेहाच्या रुग्णांना भेटते. गुणपत्रकात कोर्सला रकाना आहे, या कामाला नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. १८९३ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत लिलियन वॉल्ड ही नर्स बाळंतिणीला बघायला गेली, तिथली अवस्था पाहिली आणि डॉक्टरकीचं शिक्षण सोडून घरोघरी सेवा सुरू केली. सार्वजनिक आरोग्य परिचर्येची सुरुवात सांगताना आजही तिचंच नाव येतं. तरी असं काम आपण 'आवड' म्हणून बाजूला ठेवतो.

रात्रपाळी: माझा ठाम विरोध. आज गुण दिलेत की उद्या ती सक्ती होईल. घरी तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असलेल्या नर्सने रविवार कुठून आणायचा? ती मागे पडणार, कामात उणी नसताना. आणि दमलेल्या नर्सची किंमत रुग्ण मोजतो. नर्सिंग संशोधक लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास आठवा: शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये, प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसली. आधी वॉर्डात माणसं भरा.

गृहभेट: रात्रपाळीताई, दमणुकीबद्दल अगदी मान्य. पण हे फक्त दानधर्माचं काम नाही, तिथे आपण शिकतो. एका आजींची साखर काही केल्या आटोक्यात येत नव्हती. वॉर्डात आल्या की ठीक, घरी गेल्या की पुन्हा वर. घरी गेले तेव्हा कळलं, त्या रोज पोटावर एकाच जागी इन्सुलिन टोचत होत्या. तिथली कातडी जाड, गाठाळ झाली होती, औषध नीट शोषलंच जात नव्हतं. वॉर्डात इंजेक्शन आम्ही देत होतो, मग आम्हाला कसं दिसणार? त्यांना 'रोज तळपाय बघा' असंही आम्ही बजावलं होतं, आणि त्यांना वाकताच येत नव्हतं. हातात धरायचा आरसा दिला. तेव्हापासून डिस्चार्जच्या वेळी मी सल्ला देत सुटत नाही, आधी विचारते. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या, नवखी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या, त्या अनुभवाने चढायच्या असतात. हा अनुभव नाही तर काय?

जुना शिबिरवाला: एकच सांगतो. शिबिरांची संख्या मोजू नका. रक्तदाब मोजला, कागद हातात दिला, पुढे कुणी विचारलं नाही, अशी शिबिरं मी पुष्कळ केलीत. आता त्याचं वाईट वाटतं. पाठपुरावा झाला का, तेवढं विचारा.

वॉर्ड इन्चार्ज: रात्रपाळीताई, सक्तीचा धोका माझ्या लक्षात आला नव्हता. गृहभेटी ड्युटीच्या तासांत धरा, पगारी, आणि सगळ्यांना आळीपाळीने, अशी मागणी मी लेखी देते.

रात्रपाळी: त्या वेळी वॉर्डात बदली नर्स येणार असेल तर माझीही सही घ्या. पण या अर्जात दुसरीच्या रविवारांना गुण देणार का?

वॉर्ड इन्चार्ज: हो, देणार. रविवार किती गेले म्हणून नाही. तिचे रुग्ण पायाची जखम चिघळायच्या आत दाखवायला येतात, म्हणून.

रात्रपाळी: मग या मुद्द्यावर माझा विरोध कायम.