०.३७ वर पक्ष्याचा स्वभाव ठरतो का?

रानवाट: नेदरलँड्समधल्या ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यावरचं काम वाचतोय. रानातला पक्षी पकडायचा, रात्रभर पिंजऱ्यात ठेवायचा, सकाळी पाच कृत्रिम झाडं असलेल्या खोलीत सोडायचा आणि पहिल्या दोन मिनिटांतल्या उड्या-भराऱ्या मोजायच्या. मग पुन्हा रानात. परत सापडला की तीच चाचणी. २००२ मध्ये संशोधक डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांना यात सातत्याचा गुणांक (तोच पक्षी पुन्हा तसाच वागतो का, याचं ० ते १ मधलं माप) ०.२७ ते ०.४८ मिळाला. २००९ मध्ये ॲलिसन बेल आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या वागण्यावरचे असे शंभरावर अभ्यास एकत्र केले, या गुणांकाची सरासरी निघाली ०.३७. म्हणजे वागण्यातल्या एकूण फरकातला सरासरी ३७ टक्केच प्राण्याप्राण्यांमधला, बाकीचा एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या वेळच्या वागण्यातला. एवढ्यावर 'धीट', 'बुजरा' असे शिक्के मारणं मला पटत नाही.

पिसारा: अजिबात सहमत नाही. उरलेल्या ६३ टक्क्यांत भूक, ऋतू, मोजणीतली चूक, खोलीची झालेली ओळख असं सगळंच येतं. एवढ्या गदारोळातूनही पक्षी ओळखू येतो, हेच विशेष! शिवाय संशोधक ड्रेंट यांच्या गटाने ग्रेट टिटची पिल्लं हाताने भरवून वाढवली आणि चपळ व संथ अशा दोन शाखांची चार पिढ्या निवड केली. शाखा स्पष्टपणे फुटत गेल्या, आनुवंशिकता, म्हणजे फरकातला जनुकांमुळे येणारा वाटा, सुमारे ५४ टक्के निघाली. नुसत्या शिक्क्याला पिढ्यान्‌पिढ्या असं निवडता येत नाही.

रानवाट: ते पिंजऱ्यातलं. तिथे सगळ्यांना सारखं खाणं, सारखी जागा. परिस्थितीचा फरक दाबला की आनुवंशिकतेचा आकडा वर जाणारच. रानातही तोच आकडा मिळेल असं धरता येत नाही.

गप्पी: दोघेही सातत्य आणि जनुकं एकाच दावणीला बांधताय. ॲमेझॉन मॉली हा मासा स्वतःची हुबेहूब जनुकीय प्रत जन्माला घालतो. २०१७ च्या प्रयोगात अशी पिल्लं जन्मल्याबरोबर वेगळी करून जवळपास सारख्याच परिस्थितीत वाढवली, तरी त्यांच्या वागण्यात टिकाऊ फरक दिसले. आणि ०.३७ हे शेवटी गुणोत्तर आहे. पक्षी एकमेकांपासून खूप वेगळे असले तरी ते वाढतं, प्रत्येक पक्षी स्वतःशी काटेकोर असला तरी वाढतं. यातलं काय झालं ते एकट्या आकड्यावरून कळत नाही, म्हणून पक्ष्यापक्ष्यांमधलं आणि एकाच पक्ष्याच्या वागण्यातलं, अशी दोन्ही विचरणं (फरकाची मापं) वेगवेगळी छापायलाच हवीत.

पिसारा: विचरणं छापा, जरूर छापा. पण त्यासाठी 'स्वभाव' हा शब्द मी सोडणार नाही.

रानवाट: मग निदान एकाच पक्ष्याच्या दोनऐवजी पाच-सहा चाचण्या, तेही वेगवेगळ्या ऋतूंत, एवढी अट तरी मान्य करा.