सिडनी ते पर्थ रेल्वेप्रवास : आईला घेऊन जावे का?

परभणीकर
नमस्कार. माझी धाकटी बहीण पर्थला असते आणि दिवाळीनंतर मी आईला घेऊन तिच्याकडे जाणार आहे. सिडनीपर्यंत विमानाने जाऊन पुढे ‘इंडियन पॅसिफिक’ या गाडीने पर्थ गाठावे, असा माझा विचार आहे. परंतु प्रवास 4,352 किलोमीटरचा, तीन रात्रींचा आणि त्यातला जवळजवळ एक दिवस नलारबोरच्या ओसाड माळावरून, हे ऐकून आई म्हणाली, “उजाड रानच बघायचं, तर एवढे पैसे कशाला घालायचे?” तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही. तिचे वय 68 असून ती पूर्ण शाकाहारी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

लातूरकर
मी हा प्रवास केला आहे. भाडे विमानापेक्षा पुष्कळ जास्त आहे, मात्र त्यात झोपण्याची खोली आणि सर्व जेवण धरलेले असते. नुसते बसून जाण्याचा स्वस्त वर्ग 2016 साली बंद झाला. शाकाहाराचे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, म्हणजे अडचण येत नाही.

आता आईंच्या प्रश्नाविषयी. त्या माळावर रूळ सलग 478 किलोमीटर एकही वळण न घेता जातात. संभाजीनगर ते मुंबई हे रेल्वेचे अंतरही याहून कमी आहे. खिडकीतून दिसतात ती गुडघाभर उंचीची करडी, खारट झुडपे आणि क्षितिज. पहिल्या तासाभरात मलाही वाटले की येथे पाहण्यासारखे काही नाही. पुढे गाडी इंधन-पाण्यासाठी कूक या जवळजवळ निर्मनुष्य गावी थांबली. एके काळी तेथे शाळा होती, रुग्णालय होते. अशा वस्त्यांना 1917 पासून 1996 पर्यंत ‘टी अँड शुगर’ नावाची गाडी किराणा, मांस, पगार आणि पिण्याचे पाणीसुद्धा पोहोचवीत असे. ते वाचताना मला एप्रिल 2016 मधले आमचे स्थानक आठवले. मिरजेहून पहिली पाण्याची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा मी गर्दीत उभा होतो. पाण्यासाठी रुळांकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, आणि म्हणूनच तो माळ आपल्याला इतर प्रवाशांपेक्षा अधिक कळतो, असे मला मनापासून वाटते.

भूगोल शिक्षक, अंबाजोगाई
वरील प्रतिसादाला थोडी जोड देतो. नलारबोर या नावाचा अर्थच ‘एकही झाड नसलेला’ असा आहे. मराठवाड्याच्या तिपटीहून मोठा असलेला हा प्रदेश पूर्वी समुद्राचा तळ होता. आपल्याखाली काळा पाषाण आहे, तर तेथे चुनखडी, आणि वर्षाकाठी पडणारा सुमारे 200 मिलिमीटर पाऊस त्या चुनखडीच्या भेगांतून आणि विवरांतून खाली उतरून जातो. त्यामुळे वर नदी नाही, ओढा नाही. बोअरचे पाणी इतके खारट लागले की वाफेच्या इंजिनांचे बॉयलर खराब होत. 1951 साली डिझेल इंजिने आल्यावर ती चिंता मिटली.

माळाच्या पूर्व कडेला ओल्डिया येथे वाळूखाली गोड्या पाण्याचा झिरा होता. त्याच्या आधाराने तेथील आदिवासी पिढ्यानपिढ्या दुरून येऊन एकत्र जमत. दोन्ही टोकांकडून टाकत आणलेले रूळ 17 ऑक्टोबर 1917 रोजी याच ओल्डियाला जुळले. पुढे रेल्वेने तेथे विहिरी खणून इतका उपसा केला की काही वर्षांतच झिरा निकामी झाला. आपल्याकडे एकाने बोअर खोल नेला की शेजारच्याची विहीर आटते. वर्गात भूजल शिकवताना मी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून सांगतो.

परभणीकर
दोघांचे मनःपूर्वक आभार. आईला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. तिच्या लहानपणी तिने नदीच्या वाळूत झिरा उकरून वाटीने घागर भरलेली आहे. ती जायला तयार झाली असून तिचा एकच प्रश्न आहे : ओल्डियाला गाडी थांबते का?

भूगोल शिक्षक, अंबाजोगाई
प्रवाशांसाठी थांबत नाही, आणि झिराही रुळांपासून दूर आहे. परंतु सिडनीहून येताना ओल्डिया कूकच्या आधी लागते. तेथल्या वाळूच्या टेकड्या संपल्या की पुढे सपाट माळ सुरू होतो. आईंना त्या वेळी खिडकीशी बसवावे.