मदत हवी आहे : चार चालींत मात, पण घोडा मेला तर पुढे काय?

मंडळी, नमस्कार.

मुलगा चौथीत आहे, पार्ल्याला घराजवळच बुद्धिबळाच्या क्लासला जातो. शनिवारी सरांनी झेरॉक्सचा एक कागद दिला, त्यावर सहा कोडी. पाच सुटली. सहाव्यापाशी आम्ही दोघं चार दिवस अडकलोय. आज चर्चगेटहून येताना बसायला जागा मिळाली, तर पार्ले येईपर्यंत मांडीवर तोच कागद होता.

फोटो नीट येत नाहीये म्हणून पट लिहूनच देते (पांढऱ्याच्या बाजूने बघता उभ्या ओळी डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८).

पांढरा : राजा जी१, वजीर सी४, घोडा जी५, प्यादी एफ२, जी२, एच२.
काळा : राजा एच८, वजीर बी२, हत्ती ए८ आणि ई८, प्यादी ए७, जी७, एच७.

चाल पांढऱ्याची. कागदावर "चार चालींत मात" एवढंच.

काळ्याकडे दोन हत्ती आहेत, आपल्याकडे एक घोडा. म्हणजे सावकाश खेळायला सवडच नाही. वजीर एफ७ वर नेऊन नुसता दम देऊन पाहिला, तर काळा हत्ती सरळ ई१ वर येतो आणि आपलीच मात होते. आपली तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत, राजाला बाहेर पडायला वाटच नाही. तेव्हा प्रत्येक चाल शहाचीच हवी, इथपर्यंत आम्ही आलो.

मुलाला पहिल्या दिवशी सुचलं ते असं : वजीर जी८, शह. हत्तीने वजीर मारला की घोडा एफ७ वर आणि खेळ खल्लास! पण हत्ती कशाला मारेल? राजाच मारतो, कारण जी८ वर वजिराला कुणाचा जोर नाही. बिचारा फार हिरमुसला.

मग घोडा एफ७, शह. राजाला जी८ हे एकच घर. आता घोडा हलला की मागून वजिराचा शह उघडतो, म्हणजे इथेच काहीतरी असणार. घोडा डी६ वर नेला तर तो पुढे ई८चा हत्ती मारतो, पण ए८चा हत्ती लगेच घोडा मारतो. मग त्यांच्याकडे वजीर आणि हत्ती, आपल्याकडे नुसता वजीर. घोडा एच६ वर नेला तर जी७चं प्यादं तो फुकटात खातं. इथे मुलगा म्हणाला, "आई, कोडंच चुकलंय." मला तसं वाटत नाही.

मी खेळ शिकले गिरगावात, आजोबांकडून. त्यांच्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं आणि शह न लागलेल्या राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. त्यामुळे अशी कोडी सोडवायची मला सवय नाही. कॉम्प्युटरला विचारलं तर तो क्षणात सांगेल, पण मग मुलाच्या हाती नुसतं उत्तर पडेल. कुठे बघायचं तेवढं कुणी दाखवाल का?

प्रतिसाद

घोडा डी६ आणि परत एफ७ असे शह देत राहा. राजा जी८-एच८ करत बसला तर त्याच त्या चालींवर बरोबरी मिळेल. दोन हत्तींसमोर बरोबरी काही वाईट नाही.

प्रतिसाद

बरोबरी मिळेल, पण कोड्यात मात मागितली आहे, आणि ती आहे.

ताई, तुम्ही अगदी दाराशी उभ्या आहात. घोडा एच६ वर ठेवा आणि मुलाला विचारा, राजाला शह कोण कोण देतंय? त्याला बोटं मोजू द्या. मग त्याच्याच हाताने जी७च्या प्याद्याने घोडा मारायला लावा आणि राजाकडे पुन्हा बघायला सांगा.

दुसरं, त्याची पहिल्या दिवशीची कल्पना टाकून देऊ नका. वजिराला जोर नव्हता, एवढंच तिथे कमी पडत होतं. तो जोर कुठून आणता येईल?

आज रात्री इतकंच. पट मांडून करा, कागदावर नको.

धागाकर्ती

झालं! साडेदहा वाजता झालं, तो अजून झोपलेला नाही.

घोडा एच६ वर ठेवला. त्याने एक बोट घोड्यावर ठेवलं, दुसरं सी४च्या वजिरावरून तिरकं सरकवत जी८पर्यंत आणलं आणि ओरडला, "दोघं!" प्याद्याने घोडा मारला तरी वजिराचा शह तसाच राहतो, म्हणून ती चाल चालतच नाही. दोन मोहऱ्यांचा शह एकदम आला की राजालाच हलावं लागतं. मी चार दिवस "फुकटात खातं" म्हणत होते.

राजा एफ८ला गेला तर वजीर एफ७, तिथेच मात. एच६च्या घोड्याचा वजिराला जोर आहे. म्हणून राजा परत एच८. आणि मग त्यानेच वजीर उचलला आणि जी८ वर ठेवला. आता राजाला मारता येत नाही, घोड्याचा जोर आहे. ई८च्या हत्तीला मारावंच लागतं. घोडा परत एफ७. काळ्या राजाच्या बाजूला त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच दोन प्यादी, आणि घोड्याच्या शहाच्या मध्ये काही घालता येत नाही.

एक विचारायचं राहिलं. हा घोडा एफ७, एच६ आणि पुन्हा एफ७ असा फिरून येतो, त्याला काही नाव आहे का? उद्या क्लासमध्ये सांगायचंय म्हणतोय.

प्रतिसाद

शाब्बास रे! सगळं बरोबर आहे.

राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडून घोड्याने मरतो, त्याला स्मदर्ड मेट म्हणतात. वजिराचा बळी देऊन केलेल्या या चार चालींना अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच खेळाडूचं नाव चिकटलंय, पण त्याच्या कितीतरी आधी, १४९७ साली, स्पेनमधल्या लुसेनाने ही मात छापून ठेवली होती. सरांना दोन्ही नावं सांग.

आणि आता एक काम कर. ई८चा हत्ती उचलून ठेव, ए८चा तसाच राहू दे, आणि तीच मात जमते का ते बघ. काळ्याला दुसरी पळवाट मिळते का, तेही शोध आणि इथे लिही.

धागाकर्ती

पट परत मांडलाय. उद्या शाळा आहे हो!