चित्रपटाचे ‘संपादन’ की ‘संकलन’?

फोंड्याहून :
गेले दोन महिने मी मराठी विकीवरची चित्रपटांची पाने वाचून दुरुस्त करते आहे. पुन्हा पुन्हा एक वाक्य भेटते : ‘या चित्रपटाचे संपादन अमुक यांनी केले आहे.’ मला ते खटकते. लहानपणापासून पडद्यावर नावे सरकताना ‘संकलन’ असेच वाचले आहे. पण मी बदलले की कुणीतरी परत ‘संपादन’ करून ठेवतो आणि हिंदीतही हाच शब्द आहे, असे कारण देतो. शिवाय विकीचे पान बदलायला जी कळ दाबायची, तिच्यावरही ‘संपादन’च आहे. नुसते ‘कानाला बरे वाटत नाही’ म्हणून वाद जिंकता येत नाही. ठाम आधार कुणी सांगेल का?

मडगावाहून :
तुमचा कान बरोबर सांगतो आहे. हिंदीत चित्रपटाचा संपादक असतो, मराठीत संकलक. ‘परिंदा’साठी रेणू सलुजा यांना 1989 चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो मराठीत लिहिताना ‘उत्कृष्ट संकलनाचा’ असाच लिहायचा. ‘संपादक’ म्हटले की मराठी वाचकापुढे वर्तमानपत्राची कचेरी उभी राहते.

‘संपादणे’ म्हणजे मिळवणे, सिद्धीस नेणे. विद्या संपादन करतात, विश्वास संपादन करतात. आपल्याकडे तर रस्ता रुंद होणार म्हटले की भूसंपादन आलेच. मजकूर सिद्धीस नेणारा म्हणून संपादक. ‘संकलन’ म्हणजे वेचून एकत्र आणणे. चित्रपट फितीवर होता तेव्हा हे काम शब्दशः तसेच चाले : हवा तो तुकडा निवडायचा, कापायचा, पुढच्याला सांधायचा. आता ते संगणकावर होते, पण निवडणे आणि जोडणे सुटलेले नाही. म्हणून शब्द अजून चपखल बसतो.

मात्र ‘संकलित’ हे रूप टाळा. ‘अमुक यांनी संकलित केलेला चित्रपट’ वाचून लोककथांचा संग्रह आठवतो. ‘संकलन अमुक यांचे’ एवढे पुरे. ‘द्वारा दिग्दर्शित’चेही तेच. ‘दिग्दर्शन अमुक यांचे’ म्हणायला काय हरकत आहे? आणि चित्रपट ‘प्रकाशित’ होत नाही, प्रदर्शित होतो. प्रकाशित होते ते पुस्तक.

फोंड्याहून :
मनापासून आभार. हे वाचून उत्साहाने मी एक चूक केली, ती सांगते, म्हणजे दुसरे कुणी करणार नाही. शोधा-आणि-बदला लावून बऱ्याच पानांवर एका फटक्यात ‘संपादन’चे ‘संकलन’ केले. रात्री परत उघडून पाहिले तर एका अभिनेत्रीने ‘पदवी संकलन केली’ होती आणि एका नटाने ‘लोकप्रियता संकलन केली’ होती. सगळे उलटवले. आता प्रत्येक वाक्य वाचूनच हात लावते.

त्यातच आणखी एक अडले. ‘श्वास’ कुठल्या सालचा? एका पानावर 2003, दुसऱ्यावर 2004.

मडगावाहून :
दोन्ही आकडे खरे, पण वेगवेगळ्या गोष्टींचे. 51 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 2003 सालासाठीचे होते, त्यात ‘श्वास’ सर्वोत्कृष्ट ठरला. चित्रपटगृहात तो 2004 मध्ये लागला. नुसते ‘2003 चा चित्रपट’ लिहिले की वाचक फसतो. ‘2004 मध्ये प्रदर्शित’ आणि ‘2003 सालासाठीचा पुरस्कार’ असे सालाला क्रियापद किंवा नाम जोडून लिहा. ‘चा’ या एका प्रत्ययावर किती भार टाकायचा?

साखळीहून :
बाय, सालाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पहिला कोंकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’. जेरी ब्रागांझा यांचा, 24 एप्रिल 1950 रोजी म्हापशात लागला. त्याच्याबद्दल लिहिताना प्रदर्शनाच्या रकान्यात ‘म्हापसा, भारत’ असे भरून मोकळे होऊ नका. त्या दिवशी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, तो 19 डिसेंबर 1961 ला संपला. ‘म्हापसा, गोवा (तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली)’ असे लिहावे. रकाना थोडा लांबेल, लांबू दे. आमच्या वाडवडिलांनी तो काळ काढलेला आहे. तो एका शब्दाने पुसला गेलेला मला सोसत नाही.

आणि ‘संपादन’ शब्द नटांच्या जगाला परका आहे असे मात्र कुणी समजू नये. जुन्या मराठीत सोंग ‘संपादतात’. घेतलेली भूमिका शेवटपर्यंत नीट वठवणे, ही सोंगाची संपादणी. जात्रेच्या नाटकात मी बरीच वर्षे उभा राहिलो आहे. रात्रभर जागलेल्या माणसांसमोर पहाटेच्या प्रवेशात आवाज पडू न देणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तो शब्द आता कुणी वापरत नाही. नटांच्या पानांवर ‘भूमिका निभावली’ असे हिंदी वळणाचे दिसते, तिथे ‘साकारली’ किंवा ‘वठवली’ तरी लिहा. आणि एखाद्या दशावतारी कलावंताचे पान करायला घेतलेत, तर ‘संपादणी’ एकदा तरी येऊ द्या.

फोंड्याहून :
काका, नक्की. तसे एक पान अर्धे लिहून ठेवले आहे, उद्या त्यातले ‘निभावली’ काढते.